अर्थसीचीं पुस्तकें आणि आपलीं मुलें

ज्यानें तीस-बत्तीस वर्षें शाळेंत गणित शिकविलें, त्यानेंच जादूगारांच्या गोष्टींची तरफदारी करण्यास उभें राहावें, यांत कांहींतरी विपरीत आहे, हें मी जाणून आहें. मी जुन्या अकरावीचा मॅट्रिक. इंग्रजीशीं माझा संबंध व्याकरणापुरता आणि अर्जापुरता. कादंबऱ्यांच्या बाबतींत तर मी अनेक वर्षें अगदीं कर्मठ होतों. ‘वेळ फुकट जातो’ हा एकच आक्षेप मला पुरेसा वाटे. तेव्हां आजचें हें भाषण रसिकाचें रसग्रहण नव्हे, एका अपराध्याची कबुली आहे, असें समजून ऐकावें.

१९९९ सालची गोष्ट. आठवीच्या वर्गांत मी फळ्यावर समीकरण सोडवीत होतों. शेवटून दुसऱ्या बाकावरचा एक मुलगा मान खालीं घालून बसलेला दिसला. मान खालीं घालून बसणाऱ्या मुलांचे दोन प्रकार असतात : जीं लिहीत असतात तीं, आणि ज्यांच्या मांडीवर कांहीं तरी असतें तीं. मुरलेल्या शिक्षकाला हा भेद मानेच्या कोनावरूनच कळतो. मीं जाऊन मांडीवरचें पुस्तक उचललें. इंग्रजी, जुन्या बाजारांतून आणलेलें, मुखपृष्ठाचा एक कोपरा उडालेला. नांवांतला ‘विझर्ड’ हा शब्द तेवढा मला समजला. ‘वा ! आमच्या वर्गांत जादूगार तयार होत आहेत तर ! मग हें समीकरणहि मंत्रानेंच सोडवून दाखवा,’ असें कांहींसें बोलून मीं त्याला फळ्यापाशीं उभें केलें. वर्ग मनसोक्त हसला. वर्ग हसला म्हणजे आपला तास चांगला झाला, असें मानण्याइतका मी त्या काळीं स्वतःवर खूष होतों. पुस्तक कपाटांत गेलें. तो मुलगा तें परत मागावयास आला नाहीं, आणि त्या सबंध वर्षांत माझ्या तासाला त्यानें आपण होऊन एकहि प्रश्न विचारला नाहीं.

२०१६ सालीं निवृत्त होतांना मीं तें कपाट रिकामें केलें. भोंवरे, गोट्या, क्रिकेटपटूंचीं चित्रें, एक शिट्टी आणि हें पुस्तक. घरीं आणून माळ्यावर टाकलें. पुढें २०१८ च्या जानेवारींत एका अमेरिकन लेखिकेच्या निधनाची वार्ता वर्तमानपत्रांत वाचली आणि नांव कोठें तरी पाहिल्यासारखें वाटलें. उठून माळ्यावरचें पुस्तक काढलें. नांव तेंच होतें. शब्दकोश शेजारीं घेऊन वाचावयास बसलों. दोनशें पानांच्या आसपासचें पुस्तक, पण मला दोन महिने पुरलें. त्यानंतर या मालेंतलीं उरलेलीं पांचहि पुस्तकें मीं मिळवून वाचलीं, आणि आज माझी तेरा वर्षांची नात त्यांतलें दुसरें वाचीत आहे.

लेखिकेचें नांव अर्सुला ल ग्विन. जन्म १९२९ सालीं कॅलिफोर्नियांतील बर्कली येथें. वडील आल्फ्रेड क्रोबर हे मानववंशशास्त्राचे नामांकित अध्यापक. आई थिओडोरा क्रोबर ह्याहि लेखिका. १९६७ सालीं पार्नासस प्रेस या लहानशा प्रकाशनसंस्थेचे हर्मन शाइन यांनीं बाईंना सुचविलें कीं, जरा मोठ्या मुलांसाठीं एखादें पुस्तक लिहा. विषय तुमच्या मर्जीचा. बाईंच्या मनांत विचार आला कीं, गोष्टींतला जादूगार हा नेहमीं पांढऱ्या दाढीचा म्हातारा असतो. परंतु हा म्हातारा केव्हां तरी पंधरा वर्षांचा असणारच ना ! मग तो ही विद्या शिकला कोठें ? या साध्या शंकेंतून १९६८ सालीं ‘ए विझर्ड ऑफ अर्थसी’ हें पुस्तक निघालें. जादूची शाळा म्हटलें कीं आजच्या मुलांना हॅरी पॉटर आठवतो. त्या मालेचा पहिला भाग १९९७ सालचा. म्हणजे ही शाळा तिच्या एकोणतीस वर्षें आधीं उघडली होती. शाळेचा जुना मास्तर असल्यामुळें हा ज्येष्ठतेचा मुद्दा मी सोडूं शकत नाहीं.

अर्थसी म्हणजे शेंकडों बेटांचें जग. खंड नाहींच, जिकडे पाहावें तिकडे समुद्र आणि त्यांत विखुरलेलीं लहानमोठीं बेटें. माणसें कोळी, गुराखी, विणकर, तांबट अशीं साधीं. होडी, वारा आणि भरती-ओहोटी यांचा हिशेब ठेवल्याशिवाय तेथें कोणाचें पान हलत नाहीं; कोंकण-गोव्याच्या किनाऱ्यावर वाढलेल्या वाचकाला हें सारें परकें वाटूं नये. यांपैकीं गोंट नांवाच्या डोंगराळ बेटावर कांशाचीं भांडीं घडविणाऱ्या एका कारागिराचा आईवेगळा मुलगा शेळ्या राखतो. त्याची मावशी गांवांतली चेटकीण. तिच्या तोंडचे दोन-चार शब्द ऐकून तो ते शेळ्यांवर उच्चारतो, तों सगळ्या शेळ्या त्याला येऊन चिकटतात, आणि त्यांना दूर कसें करावें हें त्याला माहीत नसतें ! सबंध पुस्तकाचें बीज या एका विनोदी प्रसंगांत आहे : बोलावण्याची विद्या आली, परत पाठविण्याची आली नाहीं.

हा मुलगा तेरा वर्षांचा झाल्यावर ओगियन नांवाचा मितभाषी ज्ञाता त्याला त्याचें खरें नांव देतो : गेड. अर्थसींत प्रत्येक वस्तूला आणि प्रत्येक माणसाला एक खरें नांव असतें. तें ज्याला कळलें त्याची त्या वस्तूवर सत्ता चालते. म्हणून माणसें आपलें खरें नांव जपून ठेवतात आणि व्यवहारांत दुसरेंच कांहीं नांव वापरतात. येथें मला आपल्या घरांतलें बारसें आठवलें. पाळण्यांतल्या बाळाच्या कानांत आत्या नांव सांगते, तें आधीं कानांतच सांगते. आपल्या जुन्या संस्कारविधींत तर व्यवहाराच्या नांवाखेरीज नाक्षत्रनाम, मासनाम, देवतानाम अशीं निराळीं नांवें सांगितलेलीं आहेत. आणि नवऱ्याचें नांव सहज उच्चारावयाचें नाहीं, उखाण्यांत गुंफूनच घ्यावयाचें, ही रीत पाळणाऱ्या आज्या आपण सर्वांनीं पाहिल्या आहेत. नांवांत कांहीं तरी सांठलेलें असतें, ही समजूत या अमेरिकन बाईंनीं आपल्याकडून घेतलेली नाहीं. ती बहुधा मनुष्यजातीइतकीच जुनी असावी.

त्यांच्या स्वतःच्या घरांत मात्र एक हकीगत होती, ती सांगण्याजोगी आहे. १९११ सालीं कॅलिफोर्नियांतील ओरोव्हिल गांवाजवळ याही नांवाच्या आदिवासी जमातीचा शेवटचा माणूस एकटा, उपाशी असा येऊन पोंचला. त्याचे सगळे आप्त मेलेले होते. आपलें नांव आपणच उच्चारूं नये असा त्यांचा रिवाज, आणि तें दुसऱ्यानें सांगावें, तर सांगणारा कोणी उरला नव्हता. क्रोबर यांनीं त्याला ‘इशी’ म्हणावयास सुरुवात केली. त्याच्या भाषेंत त्याचा अर्थ ‘माणूस’ एवढाच. १९१६ सालीं तो वारला. त्याचें खरें नांव त्याच्याबरोबर गेलें. अर्सुलाबाईंचा जन्म पुढें तेरा वर्षांनीं झाला. त्यांच्या आईनें इशीचें चरित्र १९६१ सालीं प्रसिद्ध केलें, आणि मग सात वर्षांनीं मुलीनें खऱ्या नांवांचें हें जग लिहिलें. दोहोंचा संबंध मी जोडीत नाहीं. परंतु वाचतांना इशी माझ्या डोळ्यांपुढून हालत नाहीं, हें खरें.

आतां त्या शाळेकडे वळूं, कारण मला तेथें सर्वांत अधिक वेळ रमावयाचें आहे. ओगियनच्या हाताखालीं गेड कंटाळतो. गुरुजी जादू शिकवीतच नाहींत. पावसांत भिजत रानोमाळ हिंडतात आणि वनस्पतींचीं नांवें सांगतात. एकदां एका साध्या रोपाकडे बोट दाखवून गेड विचारतो, याचा उपयोग काय ? ओगियन सांगतो, माझ्या माहितींत कांहीं नाहीं. पण सर्व ऋतूंत त्याचें मूळ, पान, फूल ओळखूं लागलास कीं त्याचें खरें नांव कळेल, आणि तें उपयोगापेक्षां मोठें आहे. यावर तो उलट विचारतो कीं, तुझा तरी उपयोग काय, किंवा माझा ? परीक्षेंत न येणारा भाग कशाला शिकावा, असा प्रश्न मला दर वर्षीं येई, आणि मी दर वर्षीं ‘पुढें उपयोगीं पडेल’ असें ठोकून देत असें. ओगियनचें उत्तर मला कधीं सुचलें नाहीं.

शेवटीं गेड रोक बेटावरच्या मोठ्या विद्यालयांत जातो. तेथें नऊ आचार्य आहेत. त्यांतील एक नामाचार्य. त्याचें नांव उच्चारतांना माझी जीभ अजूनहि अडखळते. त्याच्या एकाकी मनोऱ्यांत विद्यार्थ्यांनीं काय करावयाचें ? तर नांवें पाठ करावयाचीं ! एकेका आखाताचें, एकेका खडकाचें नांव. यादी मध्यरात्रींपर्यंत मुखोद्गत झाली पाहिजे, कारण मध्यरात्रीं शाई उडून जाते आणि कागद कोरा होतो. श्रोतेहो, पाढे पाठ करून घेतले म्हणून ज्याची उभ्या आयुष्यांत थट्टा झाली, त्या माणसाला हें वाचून काय वाटलें असेल याची कल्पना करा ! पण विनोद बाजूला ठेवूं. या कथेंतली जादू फुकट नाहीं, हें तेथें मुलांना कळतें. ती अभ्यासानें येते, कंटाळा सोसून येते, आणि आल्यावरहि जपून वापरावी लागते. दगडाचा हिरा झाल्याचा देखावा करणें सोपें; खरोखर हिरा करणें म्हणजे जगांतला एक दगड कमी करणें, आणि त्याचे परिणाम कोठें उमटतील हें कळल्याशिवाय तें करूं नये, अशी तेथील शिकवण आहे.

गेडला सारें लवकर येतें. हुशार मुलाचें जें होतें तेंच त्याचें होतें. जास्पर नांवाचा एक वरच्या वर्गांतला, खानदानी मुलगा त्याला गोड शब्दांनीं टोंचीत राहतो. एका उत्सवाच्या रात्रीं पैज लागते. हजार वर्षांपूर्वीं मेलेल्या एका सुंदर राणीला बोलावून दाखवितों, असें गेड म्हणतो, आणि बोलावतोहि. पण उघडलेल्या फटींतून तिच्या पाठोपाठ एक काळी, आकार नसलेली छाया बाहेर पडते आणि त्याच्या तोंडावर झडप घालते. ती फट बुजवितांना विद्यालयाचे वृद्ध कुलगुरु सगळें बळ वेंचतात आणि प्राणास मुकतात. गेड वांचतो; चेहऱ्यावरचे व्रण जन्मभर राहतात, आणि ती छाया जगांत मोकळी फिरत राहते. शेळ्या आल्या, त्या परत पाठवितां आल्या नाहींत. तोच प्रसंग, पण आतां हसूं येत नाहीं.

यापुढची कथा मीं सांगितली तर वाचणाऱ्याचा आनंद हिरावल्यासारखें होईल. एवढेंच सांगतों कीं, आधीं छाया त्याच्या मागें लागते आणि तो पळतो. मग ओगियनच्या सांगण्यावरून तो तोंड फिरवितो आणि छायेच्या मागें लागतो. मध्यंतरीं एक अजस्र सर्पराज, इंग्रजींत ज्याला ड्रॅगन म्हणतात तो, त्याला त्या छायेचें नांव सांगण्याची लालूच दाखवितो. गेडला स्वतःचा जीव वांचविण्याचा तोच एक उपाय दिसत असतो. तरीहि तो तें मागत नाहीं. ज्या गरीब कोळ्यांनीं त्याला रक्षणासाठीं ठेविलें, त्यांच्या बेटांना त्रास न देण्याचें वचन तेवढें तो त्या प्राण्याकडून घेतो. शेवटच्या प्रवासांत त्याचा मित्र व्हेच त्याच्या होडींत येऊन बसतो. याच मित्रानें, गेडच्या हातून एवढा अनर्थ झाल्यावर, सर्वांनीं तोंड फिरविलेलें असतां, आपलें खरें नांव आपण होऊन त्याला सांगितलेलें असतें. म्हणजे आपला जीवच त्याच्या हातीं दिलेला असतो. पंधरा-सोळाव्या वर्षीं हातून घडलेल्या चुकीनें ज्याला जग संपल्यासारखें वाटतें, अशा मुलाला हीं पानें कोणी तरी वाचावयास दिलीं पाहिजेत. आम्हीं शिक्षकांनीं चुकीबद्दल काय दिलें ? शेरा दिला.

आतां आक्षेप. माझे एक शेजारी मला म्हणाले, ‘मास्तर, या राज्यानें २०१३ सालीं जादूटोण्याविरुद्ध कायदा केला, आणि तुम्ही नातीला जादूगार वाचावयास देतां ?’ प्रश्न रास्त आहे. माझें उत्तर असें कीं, बुवा-भगत ज्या चमत्काराचें आमिष दाखवितात, तो श्रमाशिवाय आणि जबाबदारीशिवाय मिळणारा असतो. ही कथा नेमकी त्याच्या उलट बोलते. शिवाय अद्भुत हें अद्भुत म्हणून वाचणाऱ्या मुलाला खरें आणि कल्पित यांतला फरक चांगला कळतो. फरक न कळणारीं माणसें मीं पाहिलीं, त्यांत कादंबऱ्या वाचणारीं फारशीं नव्हतीं. आपल्याच भाषेंत कृष्णशास्त्री चिपळूणकरांसारख्या पंडितानें अरबी भाषेंतील सुरस गोष्टी मराठींत आणण्यास हात घातला आणि तें काम विष्णुशास्त्र्यांनीं पुरें केलें. नाथमाधवांचें ‘वीरधवल’ आमच्या वडिलांच्या पिढीनें अंथरुणांत लपून वाचलें. त्यामुळें कोणी भगताकडे धांवल्याचें माझ्या ऐकिवांत नाहीं.

दुसरा आक्षेप वेळेचा. तो माझाच जुना आहे, म्हणून त्याला मी फार वेळ देत नाहीं.

आणखी एक गोष्ट मला सहजासहजीं दिसली नव्हती, नातीनें दाखविली. गेडचा वर्ण तांबूस-तपकिरी आहे, व्हेच तर चांगला काळा आहे, आणि गोरे लोक या जगांत आहेत ते पूर्वेकडून येऊन गांवें जाळणारे कार्गाड. बाईंनीं हें समजून-उमजून केलें. तरीहि कित्येक आवृत्त्यांच्या मुखपृष्ठांवर गेड गोराच रंगविला गेला, आणि २००४ सालीं अमेरिकेंत दूरचित्रवाणीवर त्याचें नाटय झालें त्यांतहि तो गोराच होता. बाईंनीं त्याबद्दल उघड नाराजी लिहून प्रसिद्ध केली. आमची पोर म्हणाली, ‘आजोबा, इंग्रजी गोष्टींत आपल्यासारखा दिसणारा पहिल्यांदांच सांपडला.’ मला त्यावर कांहीं बोलतां आलें नाहीं.

पुढच्या पुस्तकांविषयीं थोडक्यांत. दुसरें ‘द टूम्स ऑफ अटुआन’, १९७१ सालचें. त्यांत नायक मागें पडतो आणि तेनार नांवाची मुलगी पुढें येते. पांचव्या वर्षीं तिला आईबापांपासून आणून अंधाराच्या देवतांची पुजारीण केलें जातें आणि तिचें नांवहि काढून घेतलें जातें. काळोखांतल्या भुयारांची ती एकटी मालकीण. तेथें गेड चोरासारखा शिरतो, आणि त्याला मरूं द्यावें कीं जगवावें हें तिच्या हातीं येतें. मला हें पुस्तक सर्वांत श्रेष्ठ वाटतें. तिसरें, १९७२ सालचें ‘द फार्देस्ट शोअर’, मृत्यूविषयींचें आहे. मध्यंतरीं तें फार रेंगाळतें, असें माझें प्रामाणिक मत. परंतु मरण टाळूं पाहणाऱ्यांच्या हातून जगणेंच कसें निसटतें, हें त्यांत जसें आलें आहे तसें मीं एखाद्या प्रवचनांतहि ऐकलेलें नाहीं.

यानंतर अठरा वर्षें माला थांबली. १९९० सालीं ‘तेहानू’ आलें. पहिल्या पुस्तकांत बायकांच्या जादूला हलकी लेखणारी म्हण होती, विद्यालयांत मुलींना जागा नव्हती. बाईंनीं त्या वेळीं जादूगारांच्या गोष्टींचा चालत आलेला सांचा तसाच उचलला होता. साठीच्या उंबरठ्यावर त्यांनीं आपलेंच जग पुन्हा उघडलें आणि तें एका शेतकरी विधवेच्या आणि एका भाजलेल्या पोरीच्या डोळ्यांनीं पाहिलें. त्यांत गेडची सारी विद्या संपलेली आहे. तो शेळ्या राखतो. पुष्कळ जुन्या वाचकांना तें रुचलें नाहीं. मला मात्र आपलीच जुनी वही पुन्हा तपासून चूक दुरुस्त करणाऱ्या या लेखिकेविषयीं फार आदर वाटतो. २००१ सालीं आणखी दोन पुस्तकें आलीं आणि माला पूर्ण झाली.

पालकांना एक-दोन सूचना. बारा-तेरा वर्षांच्या आधीं हीं पुस्तकें हातीं देऊं नयेत. ‘तेहानू’ तर त्याहून मोठ्या वयाचें आहे. इंग्रजी अवघड वाटल्यास रोज चार पानें मोठ्यानें वाचावीं. बाईंचें गद्य कानांनीं वाचण्याचें आहे. आणि पुस्तक संपल्यावर ‘यांतून काय बोध घेतलास ?’ असें कृपा करून विचारूं नये. मीं विचारलें होतें. नात उठून आंत निघून गेली.

त्या जप्त केलेल्या पुस्तकाबद्दल सांगावयाचें राहिलें. त्याच्या पहिल्या पानावर शिसपेनीनें त्या मुलाचें पूर्ण नांव लिहिलेलें आहे. तें मी येथें उच्चारीत नाहीं. एका पानाचा कोपरा आंत दुमडलेला आहे. वाचीत वाचीत त्या पानापर्यंत मी पोंचलों, तेव्हां पाहिलें तों तेथें जास्पर सर्वांसमक्ष गेडची थट्टा करीत होता आणि बाकीचे हसत होते. त्या दिवशीं तो मुलगा तेथवर आला होता, आणि पुढें काय झालें हें त्याला माझ्यामुळें कळलें नसावें. माजी विद्यार्थ्यांकडे मीं चौकशी केली. कोणी म्हणतो तो बंगळूरला आहे, कोणी म्हणतो परदेशीं. आतां तो चाळिशीला आला असेल. तो कोपरा मीं तसाच ठेवला आहे. नातीला वाचावयास दुसरी प्रत विकत घेऊन दिली. पुस्तकाला कव्हर घातलें आहे. माझा पत्ता शाळेच्या कचेरींत मिळेल.